बंदरावरची घागर

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका राज्यात राजाची एक सभा होती आणि सभेचा एक रिवाज होता. कुठल्याही जमिनीचा निवाडा करायचा, तर एका सभासदाने तिथे जाऊन तिथलं पाणी घागरभर आणायचं. सगळ्यांनी ते घोटभर प्यायचं, मगच तोंड उघडायचं.

एकदा एका दूरच्या बेटाचा वाद आला. हे राज्य म्हणे बेट आमचं, पलीकडचा राजा म्हणे आमचं. शेवटी त्याने निरोप धाडला, "बेट रिकामं करून द्या, भांडण मिटलं." बेटावर साठ घरं होती. ती उठवायची की नाही, हे सभेला ठरवायचं होतं.

पाणी आणायची पाळी एका वृद्ध सभासदाची होती. माणूस भला, पण समुद्राला तो फार घाबरायचा. तो बंदरापर्यंत गेला, तिथल्याच विहिरीत घागर बुडवली आणि आठ दिवस बहिणीकडे राहून परतला. पाण्यासारखं पाणी, कुणाला काय कळणार!

सभासदांनी घोट घेतला आणि तोंडं वाकडी केली. "काय मचूळ पाणी हे! सुटतील बिचारी तिथून," असं म्हणून सगळ्यांनी हात वर केले. म्हातारा चपापला. बोलायची वेळ हीच होती, पण कबूल करायची त्याला लाज वाटली. त्यानेही हात वर केला.

महिन्याने बेटावरची माणसं बंदरात उतरली. म्हातारा सभासदही तिथे आला होता; एक म्हातारी विचारत विचारत, घागर कडेवर घेऊन त्याच्यापुढे आली.

"दादा, आमचं पाणी तुम्हीच नेलंत म्हणे. आमची विहीर एकच. तिथे तुम्ही कुणाला दिसला कसे नाहीत?"

तिने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते शहाळ्यासारखं गोड होतं.

"आणि आता आम्ही या बंदरावरचं पाणी प्यायचं ना?" तिने विचारलं.

म्हातारा तीच घागर घेऊन सभेत गेला. पागोटं उतरवून त्याने सगळं कबूल केलं. पण बेट देऊन झालं होतं, राजाने पलीकडच्या राजाला शब्द दिला होता. घागर हातोहात फिरली. त्या दिवशी पाणी पिऊन कुणीच तोंड उघडलं नाही.

तात्पर्य: ज्यांच्या घरादाराचा निवाडा करायचा, त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आधी स्वतःच्या पायांनी जावं; आणि चूक झालीच, तर हात वर करण्याआधी ती सांगावी.