आधी हत्तीखाना

एका राज्यात झोप म्हणून नव्हती. राजा वीरकेतूने एका मांत्रिकाचे कासे लुटून आणले आणि मांत्रिकाने जाता जाता शाप दिला, “याच काशाची घंटा ओता. ती न तडकता वाजेल, तेव्हाच तुमचा डोळा लागेल. पण जो हे कासे वितळवील, त्याला बक्षीस आधी दिसेल!” झाले. राजापासून कोंबड्यापर्यंत सगळे टक्क जागे.

राजाने दवंडी पिटवली, “घंटा ओतील त्याला राजशिल्पी करू, दारी हत्ती बांधू.” विडा उचलला कोंडाजी ओताऱ्याने. हातात कसब मोठे, पण गडी भारी उतावळा. त्याची लेक सुगंधा जागून जागून पार वाळली होती. झोप आली नाही तर पोर हाती लागायची नाही, असे वैद्याने सांगून टाकले होते. तिच्यासाठीच त्याने विडा उचलला, आणि घरी येऊन पहिले काम काय केले? अंगणात हत्तीखाना बांधायला घेतला!

ओताऱ्यांची रीत अशी, की रस ओतला की साचा मातीत पुरायचा आणि आपसूक निवू द्यायचा. कोंडाजीने रस ओतला, साचा पुरला आणि येरझाऱ्या सुरू केल्या. तोच दारात ढोल वाजले. “आले! मला न्यायला आले!” म्हणत त्याने गरम साचाच फोडला. घंटेला ही मोठी चीर. दारात चिटपाखरू नव्हते.

दुसऱ्या खेपेस त्याला भरला दरबार दिसला. राजा सिंहासनावरून उठून “या, राजशिल्पी” म्हणत होता. आता कसला दम धरवतो! त्याने साच्यावर घागरभर पाणी ओतले. घंटा दुभंगली.

“अरे शहाण्या,” छपरावर बसलेला पिंगळा पक्षी करवादला. त्याचीही दिवसाची झोप गेली होती. “दर खेपेला थोडे कासे जळते. आता एकाच घंटेपुरते उरले आहे.”

कोंडाजीने उरलेले कासे वितळवून ओतले. तिसऱ्यांदा साचा पुरून तो त्याच्याशेजारी बसला आणि बायकोला म्हणाला, “तुळसा, पोरीला माझ्या मांडीवर दे. आता मला उठता येता कामा नये.”

सुगंधा काटकीसारखी हलकी झाली होती. “बाबा, झोप येते म्हणजे काय होतं?” तिने विचारले. कोंडाजीला रडूच आले.

तेवढ्यात हत्ती आला. पाठीवर अंबारी, सोंडेत हार. गुडघे टेकून म्हणाला, “चला, राजशिल्पी.” कोंडाजीचे पाय नुसते शिवशिवत होते. त्याने दात-ओठ खाल्ले, लेकीला घट्ट धरले आणि म्हटले, “नाही जमायचं. पोर मांडीवर आहे.”

हत्ती ताटकळला, फुरफुरला आणि विरून गेला. पुष्कळ वेळाने साचा हाताला गार लागला.

घंटा अखंड निघाली. राजा स्वतः शेला घेऊन आला. टोला पडला आणि राज्यभर जांभया सुरू झाल्या. “कोंडाजी, आजपासून तू आमचा...” म्हणता म्हणता राजा ओसरीवरच कलंडला. प्रधान त्याच्या पायाशी घोरू लागला. शाप फिटला.

“हलव की त्याला! बक्षीस माग!” पिंगळा पेंगत म्हणाला.

सुगंधाचे डोळे मिटले होते. श्वास संथ चालला होता. कोंडाजीने तोंडावर बोट ठेवले.

“हळू बोल रे. झोपलीय.”