घंटेची तोफ

शिडांच्या जहाजांचे दिवस होते. उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांनी स्पेनच्या किनाऱ्यावरच्या एका गावातली माणसं धरून नेली. मागे उरलेल्यांनी चर्चची घंटा वितळवून तिची तोफ ओतली आणि लढाऊ जहाजावर चढवली. आपली माणसं घरी आणायची, एवढीच तोफेला आस होती.

एके दिवशी चाच्यांचं जहाज वल्ही मारत पळताना दिसलं. गोलंदाज गास्पारने बत्ती दिली. गोळा पाण्यातच पडला, पण आवाज घुमला तो घंटेचाच.

"ऐकलंत का रे? आपली घंटा!" पळत्या जहाजाच्या पोटातून कुणीतरी ओरडलं. साखळदंडांनी जखडलेले वल्हेकरी तिच्याच गावचे होते. आनंदाच्या भरात त्यांनी वल्ही सोडली आणि जहाज जागीच थांबलं.

"आता कुठे जातंय लेकाचं!" म्हणत गास्पारने दुसरा गोळा भरला.

"बाळा, तिथे माझी माणसं आहेत. तू तरी वाट चुकव," तोफ पोटातल्या गोळ्यापुढे काकुळतीला आली.

"मावशी, मला कुठे वळता येतं? तू ढकलशील तिकडे मी जाणार."

तेवढ्यात गास्पारने बत्ती दिली. त्या जहाजाच्या पोटातली माणसं अजून घंटेच्या हाकेची वाट बघत होती, आणि तोफेला बोलावंच लागलं.