टिटवीने जागा सांगितली नाही

मुलांनो, दोन जंगलांच्या मधून एक नदी वाहत असे, आणि त्या नदीला एका जागी स्वस्थ राहायची सवय नव्हती. दर पावसाळ्यात ती कूस बदले. पाणी ओसरले की पात्रात गोट्यांचा एक लांब पट्टा उघडा पडे. एखाद्या वर्षी तो अलीकडच्या काठाला लागून असे, एखाद्या वर्षी पलीकडच्या. अलीकडची हरणे म्हणत, पट्टा आमचा. पलीकडची रानकुत्री म्हणत, आमच्या आजोबांपासून तो आमचाच. त्या पट्ट्यावर खरोखर राहत असे ती एक टिटवी, आणि तिला मात्र कोणी काही विचारले नव्हते.

ही टिटवी मोठी कजाग होती. पाय काडीसारखे, पण आवाज असा की डोहातले कासवही दचकावे. गोट्यांमध्ये एक उथळ खळगा करून तिने चार अंडी घातली होती. ती अंडी गोट्यांच्याच रंगाची, त्यामुळे शेजारी उभे राहूनही कोणाला दिसत नसत. पलीकडच्या काठावर पाऊल वाजले की टिटवी ओरडत उठे. तिचे ऐकून झाडावरचा वानर खाकरे, वानराचे ऐकून हरणी पाय आपटत, आणि कळप पाडसांना घेऊन पसार होई. ही पद्धत कोणी बसून ठरवली नव्हती. ती आपली चालत आली होती.

एके दिवशी दूरच्या कड्यावरून एक घार आली आणि वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावर ऐटीत बसली. ती हरणांच्या म्होरक्याला म्हणाली, "मी वर गेले की दोन्ही जंगलं एका नजरेत दिसतात मला. रानकुत्री काठाला आली की मी शीळ घालीन. तुम्ही निवांत चरा."

"आणि बदल्यात काय हवं, घारताई?" म्होरक्याने विचारले.

"काही नको. फक्त कोण कुठे झोपतं, पाडसं कुठे लपवता, अंडी कुठे आहेत, तेवढं सांगून ठेवा. वरून पाहताना तुमचं कोण आणि त्यांचं कोण, हे मला कळायला नको का?"

म्होरक्याला हे पटले. एकेकाने पुढे होऊन सगळे सांगून टाकले. पाडसे करवंदीच्या तीन जाळ्यांत असतात, हे हरणींनी सांगितले. वानराने आपली फांदी दाखवली आणि आता पहाऱ्याची कटकट गेली म्हणून तिथल्या तिथे दोन उंबरे तोंडात टाकली. शेवटी पाळी आली टिटवीची.

"मी नाही सांगणार," टिटवी म्हणाली.

वानर हसला. "आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी ही. हिला आभाळाचीच भीती."

"आभाळ पडेल याची मला भीती नाही," टिटवी म्हणाली. "आभाळातून कोण बघतंय, त्याची आहे. मी माझं बघेन."

आता खरे ते सांगितले पाहिजे. पंधरा दिवस घारीची एकही शीळ खोटी निघाली नाही. शीळ आली की हरणे आत जात, शीळ थांबली की बाहेर येत. वानर दिवसभर झोपा काढू लागला. टिटवी मात्र पूर्वीसारखीच ओरडे. कधी पाऊल वाजले म्हणून, तर कधी नुसता ओंडका वाहत आला म्हणूनही. सगळ्यांना तिचा वीट आला. अपशकुनी मेली, असेही कोणी कोणी म्हणाले.

एक दिवस म्होरक्या पट्ट्याच्या कडेला येऊन उभा राहिला. "टिटवे, तुझ्या ओरडण्यात घारताईची शीळ ऐकू येत नाही. कळपानं ठरवलंय, तू गप्प बस नाहीतर पट्टा सोड. नाही सोडलास, तर उद्यापासून कळप या गोट्यांवरून पाण्याला येईल. तुझी अंडी कुठे आहेत ते तू सांगत नाहीस, मग कोणाचा पाय कुठे पडेल याची जबाबदारी आमची नाही."

टिटवीने मान खाली घातली नाही. ती म्हणाली, "या की. पाय पडायचा तो आधी माझ्या अंगावर पडेल. मी इथून उठणार नाही, आणि गप्पही बसणार नाही. ऐकायचं नसेल त्यानं ऐकू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर दाट धुके उतरले. घार शेंड्यावर पिसे फुगवून बसून होती. ऊन पडून हवा तापल्याशिवाय ती वर जात नसे, आणि वर गेली असती तरी धुक्यातून तिला खालचे काय दिसणार होते? धुक्यात कसं करणार, हे तिला विचारायचे कोणाला सुचलेच नव्हते.

इतक्यात पट्ट्यावर गोटा सरकल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. अंड्यांवर बसलेल्या टिटवीने श्वास रोखला. धुक्यातून रानकुत्र्यांचा नायक हलक्या आवाजात म्हणाला, "घारीनं सांगितल्या त्याच तीन जाळ्या. मधलीपासून सुरुवात करा. आणि तिचा वाटा बाजूला ठेवायला विसरू नका."

टिटवी गप्प राहिली असती तर तिचे काहीच बिघडणार नव्हते. तिची जागा कोणालाच ठाऊक नव्हती. रानकुत्री तिला ओलांडून पुढे गेली असती. शिवाय गप्प बस, असे तर कळपानेच तिला बजावले होते. पण मधल्या जाळीत तीन दिवसांचे एक पाडस होते. टिटवी उठली आणि घसा फाटेल इतक्या जोराने ओरडत थेट नायकाच्या डोक्यावर झेपावली.

कळपाने मान वर केली. म्होरक्या म्हणाला, "शीळ आलेली नाही. बसून राहा." पण मधल्या जाळीजवळच्या हरणीने त्याचे ऐकले नाही. ते पाडस तिचे होते. तिने खूर आपटला. तेवढ्याने वानराची झोप मोडली आणि जुन्या सवयीने तो खाकरला. मग मात्र कोणी शिळेची वाट पाहिली नाही. रानकुत्री जाळ्यांपाशी पोचली तेव्हा आत नुसता उबदार पाचोळा होता.

नायक चवताळून परत फिरला. "त्या टिटवीची अंडी शोधा," तो म्हणाला. त्यांनी पट्टा उलथापालथा केला. एक अंडे एकाच्या पायाखाली आले आणि फुटले. उरलेली तीन त्यांना दिसली नाहीत. इथली सगळी ठिकाणे त्यांना माहीत होती, फक्त कोणीच न सांगितलेले तेवढे माहीत नव्हते. अखेर ती उपाशीच पलीकडे गेली.

ऊन वर आले, धुके विरले आणि घार आभाळात चढली. तिने लांब शीळ घातली. "सावध राहा, रानकुत्री नदीत उतरली होती."

म्होरक्याने वर पाहिले. "घारताई, आमच्या जाळ्या त्यांना कोणी सांगितल्या?"

"मीच," घार शांतपणे म्हणाली. "तुमच्याशी माझा करार आहे, तसा त्यांच्याशीही आहे. कोणाला सांगू नको, असं तुम्ही कुठे म्हणाला होतात?"

म्होरक्या खालमानेने पट्ट्याच्या कडेपर्यंत आला, पण गोट्यांवर त्याने पाय ठेवला नाही. फुटलेल्या अंड्याकडे पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "चुकलं माझं, बाई. उरलेली अंडी कुठे आहेत तेवढं सांग. आजपासून आम्ही राखण करू."

"राखण जरूर करा," टिटवी म्हणाली, "पण तिथूनच. जागा मी अजूनही सांगणार नाही."

वानर आपल्या फांदीवर चढून बसला. घारीची शीळ पुढेही येत राहिली आणि हरणे ती ऐकतही राहिली. पण पाय उचलण्याआधी ती टिटवीकडे कान देत.

तात्पर्य : दुसऱ्याच्या डोळ्यांची मदत खुशाल घ्यावी, पण आपले डोळे मिटू नयेत, आणि मदतीच्या बदल्यात कोणी आपल्या पिलांची जागा विचारली, तर नाही म्हणायला कचरू नये.