गोड निरोप

फार पूर्वी एकाच नदीचं पाणी पिणारी दोन राज्यं होती. एक वर डोंगरात, दुसरं खाली सपाटीवर. लोक त्यांना वरचं राज्य आणि खालचं राज्य असंच म्हणत. आजोबांच्या काळी दोघांत एकदा लढाई झाली होती, पण नंतर कुणी कुणावर हत्यार उचललं नव्हतं.

खालच्या राज्याचे राजदूत होते यादोपंत. निरोप तोंडी न्यायचा आणि तोंडीच आणायचा, असा रिवाज होता. पंतांची जीभ फार गोड. आपले महाराज रागानं म्हणाले, “त्यांचे नाकेदार चोर आहेत,” की पंत वर जाऊन सांगत, “नाक्यावर थोडी देखरेख वाढली तर बरं होईल.” वरचे राजे हसून मान डोलवत आणि काम होऊन जाई. पंत आहेत तोवर तलवारी म्यानात राहतील, असं दोन्हीकडचे लोक म्हणायचे. हळूहळू पंतांनाही ते खरं वाटू लागलं.

एका वर्षी वरच्या राजांनी नदीकाठी निळीचे मोठाले हौद बांधले. निळीची झाडं त्यांत कुजवायची, रंग काढून घ्यायचा आणि उरलेलं निळसर घाण पाणी नदीत सोडून द्यायचं. वरच्या लोकांना नवा धंदा मिळाला. खाली मात्र मासे उलटे होऊन तरंगू लागले. मग गुरं मेली. मग लहान मुलांना उलट्या सुरू झाल्या, काही दगावलीही.

महाराजांनी पंतांना बोलावलं. ते म्हणाले, “त्यांना सांगा, तुमच्या पाण्यानं आमची पोरं मरतायत. हौद नदीपासून लांब न्या. दिवाळीपर्यंत नेले नाहीत, तर आम्ही येऊन फोडू. पंत, या वेळी एक शब्दही बदलू नका.”

पंत निघाले. नदीच्या घाटावर ठकू नावाची कोळीण बसली होती. तिची मुलगी तापानं तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. ठकू उठली आणि म्हणाली, “पंत, तुमचं ते ऐकतात. आमचं एवढं सांगा.” पंतांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगतो म्हणाले.

पंत पोचले तेव्हा वरच्या दरबारात आनंद चालला होता. पहिली नीळ विकली गेली होती आणि हौदांची देखरेख करणाऱ्या राजपुत्राचं कौतुक होत होतं. राजांनी पंतांना शेजारी बसवलं, त्यांच्या अंगावर निळी शाल घातली आणि विचारलं, “आमच्या शेजाऱ्यांचा काय निरोप?”

निरोप पंतांच्या ओठांवर आला होता. समोर राजांचा हसरा चेहरा होता. आज हे बोललो तर या घराशी जमलेला इतक्या वर्षांचा लोभ तुटेल, असं त्यांच्या मनात आलं. ते म्हणाले, “आमचे महाराज म्हणतात, नदीचं पाणी जरा गढूळ येतंय. सवडीनं लक्ष घालावं.”

राजे म्हणाले, “पावसाळ्यात नदी गढूळ व्हायचीच. बघू सवडीनं.”

पंत परत आले आणि राजे लक्ष घालणार आहेत, असं त्यांनी महाराजांना सांगितलं. महाराजांनी विचारलं, “दिवाळीची मुदत मान्य आहे?”

पंतांनी मान डोलावली. मग म्हणाले, “हो, मान्य आहे.”

पुन्हा वर जाऊन, एकांतात, सगळं नीट सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. ते गेलेही. एकदा राजे शिकारीच्या तयारीत होते, एकदा राजपुत्राच्या लग्नाची बोलणी चालली होती. प्रत्येक वेळी आज नको, असं पंतांना वाटलं.

दसरा झाला आणि ठकूची मुलगी गेली. दिवाळी आली, तरी पाणी निळंच होतं. कबूल करून शब्द मोडला, असं म्हणून महाराजांनी फौज पाठवली. वरच्यांना बजावलेलं आहे, ते तयारीत असतील, असं समजूनच सैनिक त्वेषानं चढून गेले. वर कुणीच तयारीत नव्हतं. हौदांवर मजूर काम करत होते, त्यांच्या बायका भाकऱ्या घेऊन आल्या होत्या. राजपुत्र त्यांना वाचवायला धावला आणि तिथेच पडला. हौद फुटले. सगळी कुजलेली नीळ एकदम नदीत उतरली आणि खालच्या गावांत पूर्वी मेली नव्हती एवढी माणसं मेली.

पंत तेव्हा खरं सांगायचं ठरवून पुन्हा वरच्या राजधानीत आलेले होते. राजांनी त्यांना बोलावलं. राजे मुलाच्या देहाजवळ बसले होते. “एवढा राग होता, तर एकदा सांगायचं तरी,” ते म्हणाले.

तेव्हा पंतांनी महाराजांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. एकही शब्द बदलला नाही.

राजांनी तो ऐकून घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, “वर माळावर जागा रिकामीच होती, पंत. मी हौद लगेच हलवले असते.” दूताला मारायचा आमच्याकडे रिवाज नाही, एवढं बोलून त्यांनी पंतांना जायला सांगितलं.

घाटावर ठकू भेटली. तिनं विचारलं, “पंत, माझी पोर जिवंत होती तेव्हा तुम्ही वर काय सांगितलं होतं?”

“पाणी गढूळ येतंय, असं.”

“गढूळ?” ठकू म्हणाली. ती पाण्याकडे पाठ करून निघून गेली.

सगळं कळल्यावर महाराजांनी पंतांना कामावरून काढलं आणि दुसरा दूत वर पाठवला. तो चोख माणूस होता. पण वरच्या राजांनी त्याला वेशीवरूनच परत पाठवलं. तुमच्याकडचा कुठला शब्द खरा धरायचा, एवढंच त्यांनी विचारलं. लढाई त्या वर्षी थांबली नाही, पुढच्या वर्षीही नाही. पंत जगले तोवर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरातून रडण्याचा आवाज त्यांना ऐकू येत राहिला.

तात्पर्य: कडू निरोप गोड करून सांगितल्यानं भांडण मिटत नाही; उलट ज्याला ते वेळीच मिटवता आलं असतं, त्यालाच ते कळत नाही.