अळवातला हट्टी बेडूक

मुलांनो, एका घराच्या परसात, पेरूच्या झाडावर, एक खार राहत असे. जुन्या उशीतला कापूस पळवून तिने मऊ घरटे केले होते आणि त्यात तिची तीन पिल्ले होती, अजून डोळेही न उघडलेली. झाडाखाली मोरीच्या पाण्यावर अळू माजले होते. त्या अळवात छोटे छोटे बेडूक राहत. अंगाने एवढेसे, पण आवाज केवढा! पिल्लांना पाजता पाजता खारीचा डोळा लागतो न लागतो, तोच खाली टर्र टर्र सुरू व्हायचे.

शेवटी वैतागून ती खाली उतरली. "अरे, लेकुरवाळी आहे मी! जरा दया करा." बेडूक बिचारे भिडस्त. "चुकलं हं, खारूताई," असे म्हणून ते कुंपणापलीकडच्या डबक्यात निघून गेले. एक हट्टी बेडूक मात्र हलेना. "मी इथेच जन्मलो, इथेच गाणार," असे म्हणून त्याने पुन्हा गळा काढला. खार कुरकुरत घरट्यात परतली.

एका ढगाळ दुपारी त्याचा आवाज एकाएकी थांबला. "गप्प बसला एकदाचा!" म्हणत खारीने कूस बदलली. पण झोप काही येईना. माझ्या विनवण्यांना न जुमानणारा हा प्राणी आताच कसा गप्प झाला? खाली डोकावून पाहते तो काय, अळवातून एक लांबलचक धामण पेरूच्या बुंध्याकडे सरकत होती! खारीने एकेक पिल्लू तोंडात धरून फांदीवरून घराच्या कौलांखाली नेले. शेवटचे पिल्लू उचलले तेव्हा धामण हातभर अंतरावर आली होती. रिकामे घरटे हुंगून ती आल्या वाटेने निघून गेली.

चिखलात दडलेल्या बेडकाने हळूच डोके वर काढले. तो धडधाकट आहे हे पाहून खारीला रडूच फुटले. मग ती थेट कुंपणापलीकडे गेली.

"परत या रे बाबांनो, आणि हवं तेवढं ओरडा!"

"अहो, पण तुमची झोप?" बेडकांनी विचारले.

"तुम्ही गप्प बसलात तर मला झोप लागेल होय?" खार म्हणाली.

तात्पर्य : शेजाऱ्याचा त्रास लगेच जाणवतो, त्याचा आधार मात्र तो गप्प झाल्यावर कळतो.