उंबऱ्याबाहेरची सुई

"सगळं काढलंस?"

"काढलं, बाबा. किल्ल्या, घड्याळ, पट्टा, चाकू. उंबऱ्याबाहेर ठेवलंय."

"मी सांगितलं होतं?"

"लोक सांगतात. अंगावर लोखंड असलं की मेलेलं माणूस जवळ येत नाही."

जमालशा फकीर नुसताच हसला. तिन्हीसांजेची वेळ. गावाबाहेरच्या त्याच्या तकियात दोघांशिवाय कुणी नव्हतं. समोर बसलेले डॉक्टर सोहनी रक्ताचे मोठे जाणकार. भुताखेतांची त्यांनी जन्मभर टिंगल केलेली. पण लेक गेली आणि सगळं शहाणपण गहाण पडलं. रेवतीला त्यांना एकच विचारायचं होतं, माझ्यावर रागावलीस का?

"अजून आहे लोखंड," फकीर म्हणाला. "अंगात."

डॉक्टरांचा जुना ताठा उसळला. "रक्तातलं म्हणताय? ते मोकळं नसतं. त्याला वाहून नेणारं एक प्रथिन असतं. त्याला दोन हात आहेत असं समजा. एका हातात लोखंडाचा एकच कण. तोही नुसत्या हातानं धरता येत नाही. मधे श्वासातून उरलेला एक कण लागतो, तेव्हा पकड बसते."

"म्हणजे श्वास आहे तोवर धरायचं... आणि सोडायचं कुठं?"

"ज्या पेशीला हवं, तिच्या आत. तिथं जरा आंबट झालं की मूठ उघडते. रिकाम्या हातानं परत यायचं, पुन्हा उचलायचं."

"आणि सगळ्यांचेच हात भरले तर?"



"...मग लोखंड मोकाट सुटतं. काळजात जाऊन बसतं. रेवूचं तेच झालं. तिचं रक्त अंगात टिकत नव्हतं, सारखं दुसऱ्याचं भरावं लागायचं. कितीदा तरी मी माझंच दिलं, बाबा. त्यातलंच लोखंड साचत गेलं. ते काढायचं औषध रोज तिच्या पोटात सुई टोचून द्यायचो. नाही पुरलं."

"ती सुई?"

"कायम खिशात असते. आज तीही बाहेर ठेवली."

बाहेर किल्ल्या वाजल्या.

वारा पडलेला होता. खिडकीतून दिसणाऱ्या चिंचेचं पानसुद्धा हलत नव्हतं. किल्ल्या पुन्हा वाजल्या. कुणीतरी त्या बाजूला सारून खाली काही शोधत असावं, तशा.

मग काहीच नाही...

डॉक्टरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. "बाबा... तिथं तर लोखंड आहे. तिला भीती..."

"तुझंच ना ते? बापाच्या लोखंडाला ती कशाला भिईल?"

डॉक्टरांचे डोळे भरून आले. ते बंद दाराकडे वळले.

"मग ती आत का येत नाही?"

फकिरानं त्यांचे दोन्ही रिकामे हात धरून वर केले आणि त्यांच्याच तोंडासमोर आणले.

"बेटा, तूच तर तिला बाहेर ठेवून आलास."