दर्ग्यावरून जाणारी वाट

“...मग वळवू का, बाबा? तुम्ही नुसतं हो म्हणा!”

मोरेश्वर मढवीनं विचारलं खरं, पण उस्मानबाबांनी मान वर केली नाही. टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर बसून ते लसूण सोलत होते.

मोरेश्वर आता विमानतळावरचा मोठा साहेब झाला होता. शहरावरून, उपनगरांवरून कुठल्या हेलिकॉप्टरनं कुठून आणि किती उंचीवरून जायचं, ते त्याच्या कचेरीत ठरायचं. त्यातली निम्मी तरी या टेकडीवरून जायची. दर्ग्याचा पांढरा घुमट लांबून दिसतो ना! तो दिसला की वैमानिक रेडिओवर “दर्गा आला” म्हणून कळवायचे आणि वळायचे.

बाबांच्या डोक्यावरची ही कटकट एकदाची घालवायची, असं मोरेश्वरनं पक्कं ठरवलं होतं. का नाही ठरवणार? बाप गेल्यावर तो याच ओट्यावर वाढला, बाबांच्या ताटातली भाकरी खाऊन शिकला. बाबांनी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आज तो आपणहून द्यायला आला होता.

“माझ्या एका सहीचं काम आहे,” तो जरा ऐटीतच म्हणाला.

“आणि ती हेलिकॉप्टरं जाणार कुठून?”

“खाडीकडून. मिठागरांवरून.”

“तिथं माणसं राहतात की रे.”

“राहतात. पण थोडी आजही तिथून जातात, आजवर एक तक्रार नाही आली, बाबा. आम्ही तेच बघतो.”

“तुझी कचेरी कुठं आहे, ते त्यांना ठाऊक आहे?”



तेवढ्यात एक हेलिकॉप्टर आलंच. ओट्यावरचा पितळी तांब्या थरथरला. बोलणं तर सोडाच, स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

बाबांनी लसूण खाली ठेवला. दोन्ही हात वर केले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि आवाज विरेपर्यंत तसेच बसून राहिले.

हसावं की रडावं, मोरेश्वरला कळेना.

“अहो बाबा, तुमची झोप मोडणाऱ्याला दुआ देता?”

“त्याला नाही.”

“मग?”

“हे गेलं की मला कळतं, माझा मोरू कामावर बसलाय. खुशाल आहे.”

मोरेश्वरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पावसाळा सरल्यापासून तो इकडे फिरकलासुद्धा नव्हता. आणि हा म्हातारा त्याची खुशाली रोज आभाळाला विचारत बसला होता! आपल्याला असं माणूस लाभलं, आपण केवढे नशीबवान, असं त्याला वाटलं. तो पुढे झाला आणि बाबांच्या पायांशी बसला.

“नाही वळवत, बाबा,” तो हळूच म्हणाला. “मिठागरांवरून तर नाहीच नाही.”

बाबांनी लसणाच्या काही पाकळ्या त्याच्यापुढे सरकवल्या. दोघंही सोलू लागले.

“पण हा आवाज... या वयात तुम्हाला किती त्रास!”

“त्रास?” बाबा खुदकन हसले. “तू इथंच बसून पाढे घोकायचास. काय तो आवाज! दर्ग्यात येणारी मंडळी हैराण व्हायची. मला म्हणायची, बाबा, या पोराला दुसरीकडे कुठंतरी हलवा.”

हे मोरेश्वरला ठाऊकच नव्हतं. आपल्यापायी बाबांनी लोकांची बोलणी खाल्ली, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागू दिला नाही...

“मग तुम्ही काय केलंत, बाबा?”

“काय करणार? तुला म्हटलं, बेटा, जरा मोठ्यानं म्हण. मला नीट ऐकू येत नाही.”